एक रुपयाची पावती आणि ९७ हजार पुस्तकं

श्रीलंकेच्या उत्तर टोकाला जाफना शहर आहे. तिथल्या नल्लूर कंदस्वामी मंदिरात अर्चनेची पावती १ रुपयाला मिळते. हा लंकेचा रुपया, म्हणजे आपले जेमतेम ३० पैसे. मंदिरापासून दोन-तीन किलोमीटरवर शहराचं सार्वजनिक ग्रंथालय आहे. ३१ मे १९८१ च्या रात्री शहरात जाळपोळ सुरू झाली, तिच्यात ते पेटवलं गेलं. आत होती ती ९७,००० पुस्तकं आणि हस्तलिखितं राख झाली. रोज एक पुस्तक वाचायचं म्हटलं तर तेवढा संग्रह संपवायला २६५ वर्षं लागली असती.

जाफन्याला जाणाऱ्याने हे दोन्ही आकडे बरोबर ठेवावेत असं मला वाटतं. पहिला सांगतो की ही सहल खिशाला परवडते. दुसरा सांगतो की आपण कुठे आलो आहोत. आपल्याकडच्या सहलींच्या हिशेबात पहिला असतो, दुसरा राहून जातो.

आधी खिशाचं बोलू. २०२२ च्या सुरुवातीला एका भारतीय रुपयाला लंकेचे सुमारे पावणेतीन रुपये मिळत. त्या वर्षी देशाची परकीय गंगाजळी आटली आणि एप्रिलमध्ये सरकारने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. डॉलर २०० रुपयांवरून ३६० च्या आसपास गेला. सप्टेंबरात महागाईचा दर ७० टक्क्यांना टेकला. लोक पेट्रोलसाठी दिवस-दिवस रांगेत उभे होते. त्यानंतर चलन सावरलं, पण जुन्या जागी आलं नाही. आज आपल्या रुपयाला तिथले साधारण साडेतीन रुपये येतात. तिथली स्वस्ताई म्हणजे शेजाऱ्याच्या अडचणीची उरलेली खूण आहे. म्हणून तिथे रिक्षावाल्याशी पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालताना मनाला थोडं थांबवावं. ते पन्नास म्हणजे आपले चौदा.

दोघांचा ढोबळ हिशेब मांडतो. जाफन्यात घरगुती पद्धतीच्या साध्या, स्वच्छ खोलीला ६,००० लंकन रुपये. दोघांचं दिवसभराचं जेवणखाण ४,०००. रिक्षा, बस, होडी मिळून ३,०००. म्हणजे दिवसाला १३,०००, आपले ३,७०० च्या आसपास. तीन दिवसांचे ११ हजार. हंगामात खोली महागते, नल्लूरच्या २५ दिवसांच्या उत्सवात, म्हणजे साधारण ऑगस्टमध्ये, तर ती मिळतच नाही. तरीही दिवाळीच्या सुट्टीत महाबळेश्वरला दोघांचा जो खर्च होतो, त्याहून हा फार वेगळा नाही.

मग लोक जात का नाहीत? सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यातलं यादवी युद्ध संपलं त्या २००९ साली श्रीलंकेत ४ लाख ४८ हजार परदेशी पर्यटक आले. २०१८ मध्ये २३ लाख ३३ हजार. पुढच्या वर्षी ईस्टरच्या रविवारी झालेल्या बॉम्बस्फोटांत अडीचशेहून अधिक माणसं मेली आणि आकडा १९ लाखांवर घसरला. करोनात २०२१ साली तो १ लाख ९४ हजार झाला. २०२४ मध्ये पुन्हा २० लाख ५३ हजार. त्यात ४ लाख १७ हजार भारतीय, म्हणजे दर पाच जणांमागे एक. पण आपल्या सहलींची पत्रिका काढून पाहा: कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा. सगळा प्रवास बेटाच्या मध्यात आणि दक्षिणेत. जाफना भारताच्या किनाऱ्याला सगळ्यांत जवळचं मोठं शहर, आणि तेच गाळलं जातं.

जवळ म्हणजे किती? तमिळनाडूतल्या नागपट्टिनमहून जाफन्याजवळचं कांकेसंतुरै बंदर समुद्रमार्गे सुमारे ११० किलोमीटर. मुंबई-खोपोली रेल्वेमार्गापेक्षा थोडंसं कमी अंतर. १४ ऑक्टोबर २०२३ ला ही प्रवासी बोट सुरू झाली, तेव्हा उत्तर लंका आणि भारत यांच्यातली बोट सुमारे चाळीस वर्षांनी धावली. प्रवास चारेक तासांचा. पावसाळी महिन्यांत, विशेषतः नोव्हेंबर-डिसेंबरात, ती बंद पडते, म्हणून तिच्या भरवशावर परतीचं रेल्वे तिकीट काढू नये. चेन्नईहून जाफन्याला छोटी विमानंही जातात, सव्वा तासाच्या आसपास. कोलंबोहून यायचं तर रस्त्याने ४०० किलोमीटर, रात्रीच्या वातानुकूलित बसला अडीच-तीन हजार लंकन रुपये. आणि रेल्वे.

रेल्वेबद्दल थांबून सांगायला हवं. ‘याळ देवी’ ही कोलंबो-जाफना गाडी १९५६ साली सुरू झाली. जाफन्याच्या लोकांना तिचं वेड होतं. सरकारी नोकरीतली माणसं तिनेच घरी यायची. १३ जून १९९० ला जाफन्याहून शेवटची गाडी सुटली. त्यानंतर रूळ उखडले गेले, स्टेशनाच्या भिंतींची चाळणी झाली. भारताच्या कर्जातून आणि आपल्या इरकॉन कंपनीच्या हातून मार्ग पुन्हा उभा राहिला आणि १३ ऑक्टोबर २०१४ ला जाफन्याच्या फलाटावर पुन्हा गाडी आली. मधे गेली २४ वर्षं आणि ४ महिने. त्या काळात जाफन्यात जन्मलेलं मूल गाडी न बघता पदवीधर झालं. गाडीच्या वेळा अधूनमधून दुरुस्तीसाठी बदलतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. पण मिळाली तर एकदा तरी या मार्गाने जा, आणि दिवसाच्या गाडीने.

कारण दिवसा खिडकीतून ताड दिसतात. वावुनिया मागे पडलं की जंगल विरळ होतं आणि पुढे खाजणाच्या कडेने ताडच ताड. मधे मधे नुसते खांब उभे असतात, वर पानांचा झुबका नसलेले. तोफगोळ्यांनी शेंडे उडवलेली ही झाडं. ताडाचा शेंडा गेला की झाड पुन्हा फुटत नाही, पण खोड वर्षानुवर्षं उभं राहतं. युद्धात दोन्ही बाजूंनी हीच खोडं तोडून खंदकांची छपरं केली. जुन्या काळी याच झाडाच्या पानांवर तमिळ पोथ्या लिहिल्या जात. ग्रंथालयात जळालेल्या हस्तलिखितांत त्याही होत्या. आपल्याकडे मे महिन्यात डहाणू-वसईच्या रस्त्यावर ताडगोळे विकायला बसतात, तेच ताडगोळे इथे ‘नुंगु’ म्हणून मिळतात. ताडाला फळ धरायला साधारण पंधरा वर्षं लागतात. युद्ध संपल्यावर लावलेली झाडं आत्ता कुठे फळायला लागली आहेत.

याच ताडाच्या कंदाच्या पिठाने घट्ट केलेलं ‘कूळ’ जाफन्यात प्यायला मिळतं. त्यात खेकडा, कोळंबी, मासा, फणसाच्या आठळ्या, पावट्याच्या जातीच्या शेंगा, चिंच आणि लाल मिरची एकाच भांड्यात शिजते. जुन्या घरांत ते ताडाच्या पानाच्या द्रोणातून पितात. पहिला घोट तिखट, दुसरा आंबट, आणि तिसऱ्याला कपाळावर घाम. मालवणी माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

ग्रंथालयाची इमारत १९५९ साली उघडली. तिच्या उभारणीत ग्रंथालयशास्त्राचे आपले आचार्य एस. आर. रंगनाथन यांचा सल्ला होता आणि आराखडा मद्रासच्या वास्तुशिल्पज्ञाचा. पांढरीशुभ्र, घुमटांची, समोर बसलेली सरस्वती. आज दिसते ती नव्याने बांधलेली; १९८१ नंतर केलेली डागडुजीही युद्धात उद्ध्वस्त झाली आणि २००३ मध्ये इमारत पुन्हा वाचकांसाठी खुली झाली. आत शाळेची मुलं परीक्षेचा अभ्यास करत बसलेली असतात. पाहुण्यांना ठरावीक वेळेतच वर जाऊ देतात, आणि ते योग्यच आहे. जळालेल्यांत ‘याळ्पाण वैपवमालै’ या जाफन्याच्या इतिहासग्रंथाचं हस्तलिखित होतं. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेत मोडतोड झाली तेव्हा आपल्या पोटात जे कालवलं, ते आठवून या पायऱ्या चढाव्यात. इथे तर एकही कपाट उरलं नव्हतं. आग लावणाऱ्यांत पोलीस होते, आणि कुणालाही शिक्षा झाली नाही.

या शहराचा इतिहास वाचताना एक गोष्ट सतत जाणवते: मृतांचे आकडे एकेरी नसतात, त्यांना खालची आणि वरची टोकं असतात. २३ जुलै १९८३ ला जाफन्यातल्या तिरुनेलवेलीजवळ तमिळ वाघांनी, म्हणजे एलटीटीई या बंडखोर संघटनेने, दबा धरून १३ सैनिक मारले. त्यानंतर कोलंबो आणि इतरत्र तमिळांच्या कत्तली झाल्या. त्यात किती मेले? ४०० पासून ३,००० पर्यंत. मे २००९ मध्ये मुल्लिवाय्क्कालच्या किनारपट्टीवर युद्धाचा शेवट झाला. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये म्हटलं की त्या शेवटच्या टप्प्यात ४०,००० पर्यंत नागरिक मेले असावेत. सरकारला हा आकडा मान्य नाही. सव्वीस वर्षांच्या युद्धाची एकूण बेरीज ८० हजार ते १ लाख सांगतात. वीस हजारांचा फरक बेरजेत सहज मावतो, यातच त्या काळात माणसाची किंमत काय होती ते कळतं. कुणी मोजलंच नाही.

आणि वाघांचा हिशेबही यातच धरायला हवा. ऑक्टोबर १९९० मध्ये त्यांनी उत्तरेतल्या सगळ्या मुसलमानांना घालवून दिलं. संख्या ७० हजारांच्या पुढे. जाफना शहरात त्यांना दोन तास मिळाले. दागिने आणि पैसे काढून घेतले गेले. तमिळच बोलणारी, पिढ्यान्‌पिढ्या इथे व्यापार करणारी माणसं होती ती. बाजारपेठेच्या मागे त्यांची वस्ती होती. आज काही घरं परतली आहेत, काही भिंती अजून छपरावाचून आहेत. लहान मुलांना लढायला नेणं आणि शेवटच्या महिन्यांत स्वतःच्याच लोकांना ढालीसारखं अडवून ठेवणं, हेही वाघांच्याच खात्यावर.

शहराची शिरगणती बोलकी आहे. १९८१ मध्ये जाफना शहराची वस्ती १ लाख १८ हजार होती. २०१२ मध्ये ८८ हजार. या एकतीस वर्षांत दक्षिण आशियातली कित्येक शहरं दुप्पट-तिप्पट झाली. हे पाव हिश्शाने घटलं. उरलेले कुठे आहेत? टोरांटोत, लंडनमध्ये, पॅरिसमध्ये, चेन्नईत. ऑगस्टच्या उत्सवात त्यांची मुलं आजोळी येतात आणि गल्लीत तमिळ, इंग्रजी, फ्रेंच एकदम ऐकू येतं.

आता आपले स्वतःचे आकडे. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्यात करार झाला आणि भारतीय शांतिसेना उत्तर आणि पूर्व लंकेत उतरली. ऐन भरात तिचं बळ सुमारे ८०,००० होतं. ज्या वाघांना शस्त्रं खाली ठेवायला लावण्यासाठी ती गेली, त्यांच्याशीच ऑक्टोबरात लढाई जुंपली. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी परतली तेव्हा सुमारे १,२०० भारतीय जवान गेले होते.

त्यातलं एक नाव मुंबईचं. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचा जन्म १९४६ चा, मुंबईतला. ते ८ महार पलटणीचे. २५ नोव्हेंबर १९८७ च्या पहाटे जाफन्याजवळ कंदरोडै भागात त्यांची तुकडी दब्यात सापडली. त्यांनी वळसा घालून मागून चढाई केली. छातीत गोळी लागल्यावर समोरच्याच्या हातातली रायफल हिसकावून त्याला पाडलं, आणि मग तेही पडले. शांतिसेनेतलं ते एकमेव परमवीर चक्र. आज पर्यटक कंदरोडैला जातात ते तिथल्या प्राचीन बौद्ध अवशेषांसाठी. ताडांच्या मधल्या मोकळ्या जागेत गुडघाभर ते पुरुषभर उंचीचे वीसेक दगडी स्तूप, पालथ्या वाट्यांसारखे. जागा फार शांत आहे. तिथे उभं राहून मेजरांचं नाव आठवणारा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही.

पण एवढंच आठवून चालणार नाही. त्याआधी महिनाभर, २१ ऑक्टोबर १९८७ ला, दिवाळीच्या दिवशी भारतीय सैनिक जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात शिरले. आतून आपल्यावर गोळीबार झाला असं सैन्याचं म्हणणं होतं. वाचलेल्या कर्मचाऱ्यांनी ते नाकारलं. साठाहून अधिक माणसं मेली. त्यांत रुग्णालयाचे २१ कर्मचारी होते: डॉक्टर, परिचारिका, कामगार. दरवर्षी त्या तारखेला रुग्णालयात त्यांच्या तसबिरींना हार घालतात. रुग्णालय शहराच्या मध्यभागी, बसस्थानकाजवळच आहे. प्रत्येक पर्यटक त्याच्यावरून जातो. भारतीय पाहुण्याने तिथून जाताना आवाज खाली ठेवावा. जाफन्यातले लोक आपल्याशी फार प्रेमाने बोलतात, मुंबईची चौकशी करतात, आपल्या सिनेमांची गाणी म्हणतात. हा विषय ते स्वतःहून काढत नाहीत. काढला तर ऐकून घ्यावं, आकड्याला आकडा लावू नये.

किल्ला पाहायला एक सकाळ पुरे. पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधायला घेतला, १६५८ मध्ये डचांनी जिंकून त्याला पंचकोनी ताऱ्याचा आकार दिला. आतलं डच चर्च १७०६ चं. युद्धात त्याचा ढिगारा झाला, आणि आज तिथे दगडांच्या राशीच दिसतात. संध्याकाळी तटावर शहरातली कुटुंबं हवा खायला येतात.

दुसरा दिवस बेटांसाठी ठेवा. कुरिकट्टुवानच्या धक्क्यापर्यंत बस जाते. रस्ता खाजणातून बंधाऱ्यावरून, दोन्ही बाजूंना गुडघाभर पाणी आणि त्यात उभे मच्छीमार. तिथून नैनातीवूला होडीने वीस मिनिटं, भाडं शंभर-दोनशे लंकन रुपये. बेटावर नागपूषणी अम्मनचं देऊळ आणि नागदीप विहार एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर. एकाच होडीत पांढऱ्या कपड्यांतले सिंहली बौद्ध यात्रेकरू आणि नवस फेडायला निघालेली तमिळ कुटुंबं दाटीवाटीने बसतात. ज्या देशात या दोघांत पाव शतक युद्ध चाललं, तिथे ही वीस मिनिटं मला कुठल्याही स्मारकापेक्षा मोठी वाटतात. त्यापुढचं नेडुंतीवू, डचांनी ठेवलेल्या नावाने डेल्फ्ट, तासाभराच्या अंतरावर आहे. पोवळ्याच्या दगडांचे गडगे, रानटी घोडे, एक प्रचंड गोरखचिंच. या मार्गावर १५ मे १९८५ ला कुमुदिनी नावाच्या बोटीतल्या किमान २३ उतारूंची कत्तल झाली होती.

परतताना ए-९ महामार्गाने या. एलिफंट पासचा चिंचोळा पट्टा १९९१ पासून २००९ पर्यंत तीनदा रक्ताने भिजला. तिथे सैन्याचं स्मारक आहे. पुढे किलिनोच्चीत रस्त्याच्या कडेला पाण्याची एक अवाढव्य टाकी आडवी पडलेली आहे, सळया बाहेर आलेल्या. माघार घेताना वाघांनी ती पाडली असं तिथली पाटी सांगते. बस तिथे थांबते, लोक फोटो काढतात. त्याच गावात, कंदस्वामी मंदिराजवळ, युद्धात बेपत्ता झालेल्यांच्या आया २० फेब्रुवारी २०१७ पासून धरणं धरून बसल्या. तीन हजारांहून अधिक दिवस झाले. हातात मुलांचे फोटो. त्यातल्या बऱ्याच जणी उत्तर न मिळताच वारल्या. टाकीसाठी दहा मिनिटं देता, तर इथे पाच द्या. फोटो काढायचा असेल तर विचारून काढा.

महामार्ग सोडून रानात मात्र शिरू नका. याच मार्गावरच्या मुहमालै परिसरातली सुरुंगपेरणी जगातल्या सगळ्यांत दाट पेरण्यांपैकी होती. श्रीलंकेने डिसेंबर २०१७ मध्ये भूसुरुंगबंदी करार स्वीकारला आणि जून २०२८ पर्यंत जमीन मोकळी करण्याची मुदत घेतली. लाल पाटीवर कवटी दिसली की मागे फिरायचं. त्या पाटीपलीकडे गुडघ्यावर बसून इंच इंच माती खरवडणाऱ्या कामगारांत स्थानिक स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. कित्येकींचे नवरे युद्धात गेले.

तेव्हा श्रीलंकेचे सात दिवस ठरवत असाल तर बेंटोट्याच्या दोन रात्री कमी करा आणि जाफन्याला तीन द्या. एका दिवसात किल्ला-देऊळ-ग्रंथालय उरकून परत कोलंबोची बस धरणारे पुष्कळ आहेत. त्यांचा पैसा कोलंबोतच राहतो. खोली घरगुती घ्या, जेवण खानावळीत घ्या, ताडाचा गूळ बाजारातल्या बाईकडून घ्या. आणि परमेश्वरन यांचं नाव ठाऊक असेल तर रुग्णालयाची तारीखही ठाऊक असू द्या: २१ ऑक्टोबर १९८७.